उजेड कुठून यायचा?

“तुमचं बालपण कसं होतं?” असं विचारलं की आमच्या बेळगाव भागातली बाई एक ठरलेलं वाक्य सांगते. परिस्थिती नव्हती, खरं माणसं चांगली होती. वाक्य खोटं नसतं. पण ते इतक्या वेळा सांगून झालेलं असतं की सांगणारीलाही त्यात आता काही दिसत नाही. त्याच बाईला विचारा, “तुम्ही वाढलात त्या घरात उजेड कुठून यायचा?” ती थांबते. मान जरा वळवते. हवेतच हातानं दार काढते, मग खिडकी काढायला जाते आणि म्हणते, “थांबा हं, खिडकी नव्हतीच की. कौलात एक काच होती.” तिथून पुढं ती जे सांगते, ते तिनं स्वतःही पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

गेली काही वर्षं मी अशा प्रश्नांना धरून एक वही चालवते आहे. त्यात चित्र असतं, चिकटवलेले कागद असतात, कापडाचे तुकडे असतात, मधे मधे लिहिलेलं असतं. नव्या पोरी याला आर्ट जर्नल म्हणतात आणि प्रश्नांना प्रॉम्प्ट. शनिवारी दुपारी शेजारपाजारच्या काहीजणी माझ्याकडं येऊन बसतात. एक शिलाईकाम करते, एक मराठी शाळेतून निवृत्त झालेली आहे, एक नुकतीच लग्न होऊन निपाणीहून आलेली आहे. चहा होतो, वह्या उघडतात, आणि मग बराच वेळ कुणी बोलत नाही.

मोबाईलवर असे प्रश्न ढिगानं मिळतात. ‘लहानपणीच्या स्वतःला पत्र लिहा.’ ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ ‘आनंद म्हणजे काय?’ यांना माझा विरोध नाही, पण त्यांनी आमच्याकडं वह्या उघडल्या नाहीत. असा प्रश्न थेट भावनेला हात घालतो, आणि भावना विचारली की माणूस शहाण्यासारखं उत्तर देतं. माझी खात्री झाली आहे की चांगला प्रश्न बोट दाखवता येईल अशी गोष्ट विचारतो. दार कुठल्या बाजूला उघडायचं? भांडी कुठं घासायची? घरातला सगळ्यात चांगला पेला कुणाचा होता? भावना आपल्या पायांनी येते, तिला बोलावणं पाठवावं लागत नाही.

माझं माहेर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं घर. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात त्या वेळी कुठल्याही गल्लीतून जा, मागाचा आवाज यायचा. दर्शनी खोलीत माग, आणि कौलातली काच बरोबर मागाच्या डोक्यावर. ते साहजिकच होतं. धागा तुटला तर दिसला पाहिजे, काठाची नक्षी सरकली तर कळलं पाहिजे. उजेडाचा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा आधी घराचा नकाशा काढला. पट्टी घेतली नाही. माग काढला, मागाचा खड्डा काढला, देव्हारा, न्हाणी, चूल, परसातला आड. मग कोळशाचा तुकडा घेऊन अंधार भरत गेले आणि जिथं उजेड पडायचा तिथला कागद तसाच ठेवला. मागावर एक चौकोन कोरा राहिला, पुढच्या दारापासून आत एक त्रिकोण. बाकी घर काळं झालं.

मग त्यात माणसं ठेवायला घेतली. बाबा मागावर, चौकोनात. आजी दारात, सुपारी कातरत. मी आणि भाऊ त्रिकोणात, पाटी-दप्तर घेऊन. आईला कुठं ठेवायचं ते ठरेना. दिवसभर ती घरभर असायची, पण चित्रात एका जागी ठेवायची तर कुठं? शेवटी कांड्या भरताना, म्हणजे रहाटावर मागासाठी सूत गुंडाळताना, ती जिथं बसायची ती जागा आठवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती, उंबऱ्याबाहेर रहाट. मी तिला तिथं काढली आणि पाहिलं तर अंग सगळं कोळशात गेलेलं, चाक फिरवणारा हात तेवढा उजेडात आलेला.

हे मी योजून काढलं नव्हतं. आईच्या कष्टांबद्दल लिही, असं कुणी म्हटलं असतं तर मी चार पानं भरून दिली असती. त्यात कष्टाळू, सोशिक, माया असले शब्द आले असते आणि हा हात आला नसता.

पान आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “आत बसायचं कारण वेगळं गे,” ती म्हणाली. “चुलीवर आमटी असायची. रहाटाकडं बघायचं आणि आमटीकडं बघायचं. आणि ही काच तू झाल्यावर बसवली. त्याच्या आधी दार उघडं टाकून विणत होते. पावसाळ्यात झड आत आली की माग बंद.” मी शाईनं तिचं बोलणं चित्राच्या कडेनं जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या काचेच्या आधीचं घर मी आता वेगळ्या पानावर काढलं आहे. त्यात मी नाही.

हात आधी चालवायचा आणि शब्द मागून येऊ द्यायचे, हे काही माझं डोकं नाही. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग स्वित्झर्लंडमध्ये नजरकैदेतल्या ब्रिटिश सैनिकांच्या छावणीवर अधिकारी होते. १९१८-१९ च्या त्या काळात ते रोज सकाळी वहीत एक लहानसं वर्तुळाकार चित्र काढायचे आणि आपल्या मनाची आजची अवस्था त्यात शोधायचे. इंग्लंडमध्ये एड्रियन हिल हा चित्रकार क्षयरोग होऊन आरोग्यधामात पडून होता. तिथं तो स्वतः चित्रं काढत राहिला, मग इतर रुग्णांच्या हाती कागद-पेन्सिल देऊ लागला, आणि १९४२ साली त्यानं या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं. अगदी अलीकडचं म्हणजे २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन आणि चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित असलेलं संप्रेरक, मोजलं. दर चारांतल्या साधारण तिघांमध्ये ते कमी झालेलं होतं. लहानसाच अभ्यास, त्यावरून फार मोठं काही बोलू नये. पण त्यातली एक गोष्ट मी आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांत फरक पडला नव्हता.

हे सांगावंच लागतं, कारण बेळगावात चित्राचा धाक फार आहे. हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव. त्यांच्या हाताखाली इथं मुलं शिकली, चित्रकार रवी परांजपे त्यांतलेच एक. व्यक्तिचित्र असो की जलरंगातलं निसर्गचित्र, चित्र कसं असतं याची आमच्या गावाची नजर त्या परंपरेनं घडवली आहे. तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यामुळंच इथली बाई ब्रश हातात घेण्याआधी म्हणते, “मला चित्र येत नाही हो.” मग मी तिला ब्रश देतच नाही. कात्री देते. तिच्या घरातली जुनी लग्नपत्रिका आणायला सांगते.

साहित्य म्हणाल तर आमच्याकडं विकतचं थोडं असतं. शाळेतली दोनशे पानी वही, कॅमलचे रंग, काळं जेलपेन. वहीचं पान पातळ असतं, रंग मागं उतरतो, म्हणून दोन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करायचं. त्याला मैद्याची खळ फेविकॉलपेक्षा चांगली. पाण्यात मैदा कालवून मंद आचेवर ढवळायचा, चकाकी आली की उतरायचा, चिमूटभर मोरचूद घातलं तर झुरळं कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी असतं. तेव्हा त्या भांड्यात परत स्वयंपाक नाही आणि पोरांच्या हाताला खळ लागू द्यायची नाही. बाकी सगळं घरचंच. साडीच्या दुकानातून मिळालेला काठाचा कापलेला तुकडा, कुंदा मिठाईच्या डब्याचं झाकण, बसची तिकिटं, औषधाची रिकामी पट्टी.

आमच्याकडं जवळजवळ प्रत्येकीला काहीतरी देऊन गेलेला आणखी एक प्रश्न आहे. आईच्या माहेरची वाट काढा.

माझ्या आईचं माहेर चंदगड तालुक्यात. बेळगावातून निघालं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, शिनोळी, मग पाटणे फाटा आणि पुढं. मी वाट काढत गेले तशा पोटात ढवळायला लागायचं त्या जागा आल्या, आमच्या पिशवीतली काजूची बोंडं फुटून डाग पडला ती जागा आली, आजोबा घ्यायला यायचे तो फाटा आला. बैलगाडीचा रंग बरोबर आठवला. सगळी वाट काढून झाली आणि मग ध्यानात आलं की बाची आणि शिनोळीच्या मधे राज्य बदलतं, ते मी कुठं दाखवलंच नव्हतं.

आई तिकडं जन्मली तेव्हा तिचं माहेर आणि तिचं होणारं सासर एकाच जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. आई तेव्हा पाटी घेऊन शाळेत जाणारी पोर. पुढं ती लग्न करून वडगावला आली ती दुसऱ्या राज्यात आली. लहानपणी या वाटेवर मला पाट्यांवरची अक्षरं बदललेली दिसायची, आणि आजोळी पोचल्यावर मामा विचारायचा, “काय म्हणतंय तुमचं कर्नाटक?” त्या ‘तुमचं’नं मला काय व्हायचं ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. पानावर मी रेघ मारली नाही. वाटेच्या त्या ठिकाणी एका बाजूनं कर्नाटकच्या बसचं तिकीट आणि दुसऱ्या बाजूनं लाल एसटीचं तिकीट असं चिकटवलं की वाट दोन्हींच्या खालून जाते. मामाचा प्रश्न तिकिटाच्या पाठीवर लिहिला आहे.

शहापूरच्या एका काकूंनी याच प्रश्नावर आणखी जुनी सीमा काढली. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. काकूंच्या आजीचं माहेर बेळगावातलं आणि सासर शहापुरातलं, म्हणजे ती चालत माहेरी जायची तेव्हा राजाचा मुलूख सोडून सरकारी मुलखात जायची. आज तिथं कुठं काय बदलतं हे भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला कळतही नाही. काकूंनी ती जुनी हद्द हळदीच्या पाण्यानं काढली. हळदीचा रंग उन्हात उडतो हे त्यांना ठाऊक होतं.

कागदांचा प्रश्न विचारताना मला सुरुवातीला संकोच वाटायचा, कारण तो दुखऱ्या जागी लागतो. तुमच्या घरातला कुठला कागद तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो? सीमाभागात हा प्रश्न विचारला की घर गप्प होतं. शेताचा उतारा कानडीत, लाईटबिल कानडीत, कचेरीची नोटीस कानडीत. मराठीत कागद मिळावेत ही मागणी इथल्या लोकांनी किती काळ लावून धरली आहे, ते वेगळं सांगायला नको. ती मागणी न्याय्य आहे असं मी मानते. पण सभेत ती मागणी असते, आणि वहीत ती एका घरातली एक संध्याकाळ होते. आमच्यातल्या एकीनं वडिलांच्या उताऱ्याची झेरॉक्स आणली. वडील तो कागद नातवाकडून वाचून घ्यायचे, आणि नातू वाचत असताना भिंतीकडं बघायचे. तिनं त्या झेरॉक्सवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि एकेक अक्षर गिरवायला सुरुवात केली. अक्षरं गोल, पेन्सिल सारखी वळत होती. तिसऱ्या ओळीत ती थांबली. जे गिरवत होती ते वडिलांचं नाव होतं, आणि ते तिला वाचता आलं होतं. इतकी वर्षं बाजारात, बसवर पाहिलेली अक्षरं कधी मनात बसली होती कोण जाणे. ती रडली. मग तिनं त्या नावाखाली तेच नाव मराठीत, वडील सही करायचे तसं, मोडक्या वळणात लिहिलं.

आमच्यात एक वहिनी घरी कानडी बोलणाऱ्या आहेत. त्या कानडीत लिहितात आणि आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. कुणी अर्थ विचारत नाही. लागतो.

वही ठेवायची कुठं, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप हे सगळ्यांकडं नाही. भरल्या घरात वही उघडी पडली की सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळे वाचणार. नव्या सुनेनं पहिल्याच शनिवारी मला हळूच विचारलं, “मावशी, लिहिलेलं दिसू नये असं काय करता येतं?” बरंच काही करता येतं. लिहायचं आणि त्यावर दाट रंग द्यायचा, अक्षर रंगाखाली राहतं. पान आत दुमडून सुईदोऱ्यानं कड शिवून टाकायची. किंवा दोन पानं समोरासमोर खळीनं बंद करायची. तिच्या वहीत अशी बंद पानं उघड्या पानांपेक्षा जास्त आहेत, वही फुगून मधे उभी राहते. मी कधी विचारलं नाही. लिहून झालं, तिथंच काम झालेलं असतं. ते कुणी वाचलंच पाहिजे असं नाही, लिहिणारीनंसुद्धा.

एका बाबतीत मी कडक आहे. जखम ताजी असताना तिच्यावर प्रश्न ठेवायचा नाही. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून उठल्यावर त्यांना बरं वाटलं नाही, उलट जास्त उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अशा शंभराहून जास्त प्रयोगांचे निकाल एकत्र केल्यावर दिसलं की सरासरी फायदा आहे पण लहान आहे, आणि सगळ्यांना सारखा होत नाही. म्हणून वहीनं सगळं बरं होतं असं मी कुणाला सांगत नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवायची आणि माणसाशी बोलायचं. सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासात मदत करणारी फोनसेवा १४४१६ वर फुकट मिळते. हा आकडा मी प्रत्येकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावला आहे.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यात घरंच्या घरं गेली. माझ्या एका चुलतबहिणीच्या घरात पाणी शिरलं होतं. माग पाण्यात, मागावर लावलेलं सूत गेलं. ती दोन पावसाळे वहीजवळ फिरकली नाही, आणि मी बोलावलं नाही. आपणहून आली तेव्हाही ‘काय वाटलं’ असं काही विचारलं नाही. पाणी कुठपर्यंत आलं होतं, एवढंच विचारलं. तिनं भिंत काढली आणि पोपडे सुटलेली आडवी रेघ काढली. मग रेघेच्या वर काय होतं ते काढलं. देव, पोरांची दप्तरं, टीव्ही, कागदपत्रांची पेटी, तिच्या लग्नातला शालू. रेघेखाली माग, सूत, धान्याची पिंपं, शिलाई मशीन. बराच वेळ पानाकडं बघत राहिली आणि म्हणाली, “अक्का, पोरगं टीव्ही उचलत होतं, मी दप्तरं उचलत होते. शालू कुणी ठेवला गे वर? मी नव्हता ठेवला.” घरी जाऊन तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानंच ठेवला होता. त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी तिनं शालूच्या पदरातला निघालेला एक जरीचा धागा आणून त्या रेघेच्या वर चिकटवला.

सध्या आमच्याकडं दुरुस्तीचा प्रश्न चालू आहे. घरातली कुठली वस्तू दोनदा दुरुस्त झाली, आणि दोन्ही वेळा कुणी केली? निवृत्त बाईंनी बुडाला दोन डाग दिलेली पितळी घागर काढली आहे, डाग मुद्दाम घागरीपेक्षा मोठे. निपाणीच्या सुनेनं आजीची वाकळ घेतली आहे. तिच्यात वरून तीन कापडं दिसतात, आत आणखी किती आहेत ते ती उसवून बघणार आहे आणि परत शिवणार आहे. शिलाईवाल्या वहिनींचा आक्षेप असा की त्यांच्या घरातली एकच वस्तू दुरुस्तीला गेली आणि ती दुरुस्त झालीच नाही. वडिलांचं मनगटी घड्याळ. दोन दुकानांत दाखवलं, दोघांनी पार्ट मिळत नाही म्हणून परत दिलं. “हे चालंल काय?” चालेल म्हटलं. येत्या शनिवारी त्या ते आणणार आहेत. मागचं झाकण उघडूनच आणा, असं सांगितलंय. काटे आणि डायल कुणीही काढेल, आतली चाकं काढायला घेतली की दुपार पुरत नाही.